रोगी वगळून वैद्यक

आपल्याकडे डॉक्टर होण्यासाठी रोगी लागत नाही. हे विधान वाचून एखादे अधिष्ठाते रागावतील, आणि त्यांचा राग मी समजू शकतो; कारण कागदावर पाहिले तर रोगी जागोजाग आहे. तो अभ्यासक्रमात आहे, वेळापत्रकात आहे, परीक्षेच्या नियमांत आहे. महाविद्यालयाला मान्यता देताना ज्या खाटा मोजल्या जातात त्या खाटांवरही तो असावा अशी अपेक्षा आहे. पण ज्या घडीला विद्यार्थ्याचे भवितव्य ठरते, नेमका त्या घडीला तो नाही. तेथे एक संगणक असतो, २०० प्रश्न असतात, प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे असतात आणि हाताशी साडेतीन तास असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकले तर एक कापला जातो. या साडेतीन तासांत जो पुढे सरकला तो मोठा तज्ज्ञ होण्याच्या वाटेला लागतो. जो मागे राहिला तो आणखी एक वर्ष खोलीत कोंडून घेतो. मधल्या साडेपाच वर्षांत त्याने किती जणांच्या पोटाला हात लावला, किती जणांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, रात्री दोन वाजता धाप लागलेल्या म्हातारीपाशी तो थांबला की नाही, याचा त्या निकालाशी काडीइतकाही संबंध नसतो.

अनुभवी मंडळींपाशी हा विषय काढला की ती एक उसासा टाकतात आणि म्हणतात, "हल्लीच्या पोरांना रोग्याची आवडच राहिली नाही." मला हा उसासा मुळीच मान्य नाही. पोरे तीच आहेत. आपण त्या वयात जितके भाबडे आणि जितके हिशेबी होतो तितकीच. विद्यार्थी हा शहाणा प्राणी आहे. आपल्याला काय शिकवतात यापेक्षा आपल्याला काय विचारणार आहेत याकडे त्याचे लक्ष असते, आणि ते तसे असण्यात काही पाप नाही. तुम्ही त्याला पाच वर्षे रोग्याच्या सेवेवर व्याख्याने द्या आणि शेवटी दुर्मिळ रोगांची लक्षणे चार पर्यायांतून ओळखायला सांगा. तो ती लक्षणेच पाठ करील. व्याख्याने ऐकताना मान मात्र डोलावील. आपण ज्याची किंमत देतो तोच माल बाजारात येतो, आणि मग मालाकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

इंटर्नशिपचे वर्ष पाहा. साडेचार वर्षे शवविच्छेदन, पुस्तके, व्याख्याने आणि वॉर्डातील पाहुणचार झाल्यावर पुरे बारा महिने विद्यार्थ्याने हाताने काम करीत शिकावे, अशी ही योजना. टाके कसे घालावेत, अडलेले बाळंतपण वेळीच कसे ओळखावे, जन्मलेले मूल रडले नाही तर पहिल्या मिनिटात काय करावे, आणि माणूस दगावल्यावर बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला ते कोणत्या शब्दांत सांगावे, हे सगळे ज्याच्यात मावावे असे हे वर्ष. वैद्यकाच्या शिक्षणात याहून मोलाचे दुसरे वर्ष नाही. प्रत्यक्षात त्याचे काय झाले आहे? अर्धा वेळ इंटर्न हा सरकारी रुग्णालयाचा स्वस्त हरकाम्या असतो. रक्त काढायचे, नळ्या प्रयोगशाळेत पोचवायच्या, रिपोर्ट आणून केसपेपरला टाचायचे, आणि मामा जागेवर नसले की ट्रॉली ढकलायची. उरलेला अर्धा वेळ तो ड्यूटीच्या खोलीत भ्रमणध्वनीवर प्रश्न सोडवीत असतो. आणि यातली खरी गोम अशी की हे दोन अर्धे एकमेकांना धरून आहेत. काम हमालीचे आहे म्हणून ते चुकविताना त्याला काही गमावल्यासारखे वाटत नाही. तो चुकवितो म्हणून त्याच्यावर खरे काम कोणी सोपवीत नाही. वरचे डॉक्टर कठोर असतात असेही नाही. "परीक्षा जवळ आली आहे ना? जा, बस वाचत," असे ते मायेनेच सांगतात. त्या मायेतून एकेक वर्ष बुडते.

खेड्यातील आरोग्य केंद्राची पाळी तर अभ्यासाची रजा म्हणूनच ओळखली जाते. ज्या केंद्रावर त्याने सर्पदंश, अतिसार, कुपोषण आणि क्षय प्रत्यक्ष पाहावयाचे, तेथे तो हजेरीपुरता जातो, कित्येकदा तेवढाही जात नाही. मग वर्षअखेरीस लॉगबुक नावाची वही भरली जाते. कोणती कामे कितीदा पाहिली, कितीदा मदतनीस म्हणून केली, कितीदा स्वतः केली, असे रकाने तीत असतात. ते एका बैठकीत, एकाच शाईने, शेजाऱ्याच्या वहीवरून भरतात आणि सह्याही एका बैठकीत होतात. ही वही खोटी आहे हे भरणाऱ्याला ठाऊक असते, सही करणाऱ्याला ठाऊक असते आणि ती कपाटात ठेवणाऱ्या कारकुनालाही ठाऊक असते. डॉक्टरच्या व्यवसायातील पहिला असत्य दाखला तो अशा रीतीने गुरूच्या साक्षीने लिहितो.

हे सारे आजच कोणाच्या ध्यानात आले आहे असे कृपा करून समजू नये. वैद्यक हे खाटेपाशी शिकावयाचे शास्त्र आहे ही गोष्ट जुनी आहे. मुंबईला १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते जमशेटजी जीजीभाईंच्या रुग्णालयाला लागूनच; भाऊ दाजी लाड १८५१ साली तेथून बाहेर पडले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला विल्यम ऑस्लरने विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकांवरून उठवून वॉर्डात नेले, आणि आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकविले एवढेच आपल्या थडग्यावर लिहिले तरी पुरे, असे त्याला वाटत असे. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनरने अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पायाखाली घालून अहवाल लिहिला, तेव्हा रुग्णालयावाचून चालणाऱ्या शाळांचे त्याने वाभाडे काढले. आपल्याकडे भोर समितीने १९४६ साली समाजाची जाण असलेला डॉक्टर मागितला. १९७५ साली श्रीवास्तव गटाने तेच मागितले. १९७७ साली तर वैद्यकीय शिक्षणाला नवे वळण देण्याची एक योजनाच निघाली. प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगट सांभाळावेत, विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन शिकावे. महाविद्यालयांना फिरते दवाखाने म्हणून गाड्याही मिळाल्या. त्या गाड्यांचे पुढे काय झाले हे जुन्या महाविद्यालयांच्या आवारात ज्यांनी त्या झाडाखाली उभ्या असलेल्या पाहिल्या त्यांना विचारावे.

आणि २०१९ साली पुन्हा नवा अभ्यासक्रम आला, क्षमतांवर आधारलेला. मी तो वाचला आहे. कागद म्हणून तो उत्तम आहे. विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी रोग्याच्या दर्शनाला न्यावे, वागणूक, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र पाठ द्यावेत, विवक्षित कौशल्ये त्याच्या हाताला आली आहेत असा दाखला असल्याखेरीज त्याला पुढे सोडू नये, असे बरेच काही त्यात आहे. या सत्तरपंच्याहत्तर वर्षांतल्या सगळ्या समित्यांना एकच गोष्ट साधली नाही. विद्यार्थ्याला रोग्याकडे जा म्हणून सर्वांनी सांगितले. पण ज्या परीक्षेने त्याचे पुढचे आयुष्य ठरते त्या परीक्षेत रोग्याला बसवावयाचे कोणाला सुचले नाही, किंवा सुचले तरी झेपले नाही. अभ्यासक्रम बदलणे हे सोपे काम आहे. त्याला कागद लागतो. परीक्षा बदलावयाची म्हणजे माणसे बदलावी लागतात.

"पण आमच्या विद्यापीठाच्या परीक्षेत प्रात्यक्षिक असते की!" असे कोणी म्हणेल. असते. वीसेक वर्षे परीक्षक म्हणून गावोगाव जाण्याचा योग मला आला, त्यामुळे हा सोहळा मी जवळून पाहिला आहे आणि त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

परीक्षेच्या आधी आठवडाभर महाविद्यालयात धावपळ सुरू होते ती रोगी जमविण्याची. हर्निया दोन, हायड्रोसील एक, गळ्याची गाठ एक, पायाच्या फुगलेल्या शिरा एक. औषधशास्त्राच्या बाजूला अर्धांगवायू, पोटात पाणी झालेला यकृताचा रोगी, वाढलेली प्लीहा, आकसलेली झडप. यांतील कित्येक जण वर्षानुवर्षे येणारे असतात. त्यांना निरोप जातो, प्रवासखर्च आणि जेवण मिळते. आपल्या रोगाचे इंग्रजी नाव त्यांना पाठ असते. कोणत्या परीक्षकाला कोणता प्रश्न आवडतो हेही कधीकधी ठाऊक असते. घाबरलेल्या पोराने हातावर एखादी नोट ठेवली की झडप कोणत्या बाजूची ते ते हलक्या आवाजात सांगून टाकतात. मला या लोकांचा राग येत नाही. रुग्णालयाने त्यांना बरे केले नाही, निदान चार पैसे तरी मिळवून दिले.

आता मुख्य गोष्ट. विद्यार्थ्याला एक मोठी केस दिली जाते आणि तिच्यापाशी पाऊण तास बसवतात. या पाऊण तासात तो रोग्याशी काय बोलतो, त्याचे ऐकतो की नाही, पोट तपासताना त्याचा हात थंड आहे की उबदार, रोग्याच्या अंगावर चादर ओढतो की नाही, यांतले काहीही कोणी पाहत नाही. परीक्षक त्या वेळी चहा घेत असतात. पाऊण तास संपला की ते येतात आणि विद्यार्थी त्यांना तोंडपाठ निवेदन म्हणून दाखवितो. त्या निवेदनाला गुण मिळतात. म्हणजे जी कसोटी रोग्याची आहे असे आपण समजतो, तिच्यातही रोग्याला भेटण्याची क्रिया कसोटीच्या बाहेरच राहिली आहे. स्वयंपाकिणीला पदार्थ रांधायला लावावा आणि गुण मात्र तिने सांगितलेल्या पाककृतीला द्यावेत, तसा हा प्रकार आहे.

एका ठिकाणी एका हुशार मुलाने मला दमेकऱ्याची, म्हणजे तसा दिसणाऱ्या एका माणसाची केस सांगितली. मांडणी निर्दोष. नाव, वय, व्यवसाय मजुरी, खोकला तीन वर्षे, धाप, वजन घटलेले, फुप्फुसाच्या वरच्या भागात अमुक चिन्हे, निदान क्षय. माझ्या जोडीच्या परीक्षकांनी समाधानाने मान हलविली. मी रोग्याकडे वळून विचारले, "बाबा, मजुरी कसली करता?"

"क्रशरवर असतो साहेब. खडीच्या. अकरा वर्सं झाली."

दगडाची धूळ छातीत बसून होणारा आजार क्षयासारखा दिसतो आणि क्षयाला आमंत्रणही देतो. त्या माणसाच्या पुढच्या आयुष्याचा सगळा हिशेब त्या एका उत्तरावर होता. तो क्रशर सोडणार की नाही, त्याच्याबरोबरच्या दहावीस जणांच्या छात्या कोणी तपासणार की नाही, नुकसानभरपाई मागता येईल की नाही. मुलाने "मजुरी" एवढे लिहून घेतले, कारण नमुन्यात व्यवसायाचा रकाना एका शब्दाचा असतो. त्याला गुण चांगले मिळाले. देऊ नयेत असे म्हणायला माझ्यापाशी नियमाचा आधार नव्हता. गुणतक्त्यात "रोग्याला दुसरा प्रश्न विचारला काय" असा रकानाच नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. १९७० नंतरच्या दशकात त्या वेळच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात एका आरोग्य केंद्रावर डॉ. हिंमतराव बावसकर नावाचे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे आणि मुले मरत. पाठ्यपुस्तकांत त्यावर दोन ओळींपलीकडे काही नव्हते. हे गृहस्थ रोग्यापाशी रात्र रात्र बसले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची टिपणे ठेवली आणि माणूस दगावतो तो हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचल्यामुळे हे ओळखले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून त्यांनी मृत्यूचे प्रमाण पुष्कळच खाली आणले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली ते योग्यच झाले. परंतु आपल्या परीक्षापद्धतीने त्यांच्या कामाचे काय केले ते पाहा. विंचूदंशावरचे औषध कोणते, असा प्रश्न आज प्रश्नसंचांत असतो आणि खाली चार पर्याय असतात. विद्यार्थी प्राझोसिनवर खूण करतो व चार गुण घेतो. ज्या रात्रींतून ते उत्तर निघाले त्या रात्री परीक्षेत कोठेच नाहीत. आणि तसा प्रसंग समोर आला, पुस्तकात नसलेला रोग दारात उभा राहिला, तर काय करावे हे त्या चार गुणांनी त्याला शिकविलेले नसते.

आता या पद्धतीच्या बाजूने जे खरोखर बोलण्यासारखे आहे ते बोलले पाहिजे, कारण ते हलके नाही. चार पर्यायांचे यंत्र आडनाव वाचत नाही. ज्यांनी तोंडी परीक्षेची जुनी राजवट भोगली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. "वडील काय करतात?" या प्रश्नाने सुरू होणाऱ्या कित्येक तोंडी परीक्षा तेथेच संपत असत. डॉक्टरांच्या मुलांना डॉक्टर परीक्षकांचे लाभणारे वात्सल्य सर्वांनी पाहिलेले आहे. खेड्यातून आलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या, दलित-आदिवासी घरातल्या मुलाचे इंग्रजी अडखळले की त्याचे ज्ञानच अडखळले असे ठरविले जाई. आणि "जाई" हा भूतकाळ तरी मी कोणत्या तोंडाने वापरावा? २०१९ साली मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर तरुणीने जीव दिला आणि तिच्या वरिष्ठ सहकारिणींवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. अशा ठिकाणी गुण पुन्हा गुरुजनांच्या हाती द्या म्हणणे हे धाडसाचे आहे याची मला जाणीव आहे.

तरीही दोन गोष्टी विचारतो. यंत्र आडनाव वाचत नाही, पण पैसा वाचते की नाही? शिकवणीवर्ग, प्रश्नसंच, सरावपरीक्षांच्या माला यांचा धंदा आता बारावीपुरता राहिला नाही, एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षापासून त्याची वर्गणी सुरू होते, आणि नोकरी न करता आणखी एक-दोन वर्षे घरी बसून वाचणे ज्याला परवडते तो पुढे जातो. ज्याला घरी पैसे पाठवावे लागतात तो कोठेतरी कंत्राटी नोकरी धरतो. हा न्याय आंधळा आहे खरा, पण एकाच डोळ्याने. दुसरे असे की या गुणांची थोरवी खुद्द सरकारला तरी कितीशी पटलेली आहे? २०२३ साली पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा पात्रतेची मर्यादा शून्य पर्सेंटाइलवर आणली; म्हणजे जो परीक्षेला बसला तो पात्र, मग त्याचे गुण शून्याच्या खाली का असेनात. गुणवत्तेची म्हणून जी भिंत दाखविली जाते ती अशी एका परिपत्रकाने जमीनदोस्त होते, आणि रिकाम्या जागा भरल्या की पुन्हा पूर्ववत उभीही राहते.

अमेरिकेने आपल्या परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण जानेवारी २०२२ पासून जाहीर करणे बंद केले. आता फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. विद्यार्थी त्या एका आकड्यासाठी बाकीचे सारे शिक्षण सोडून देतात असे त्यांच्या ध्यानात आले होते. आपण मात्र आकड्याची आरास वाढवीत चाललो आहोत. 'नेक्स्ट' म्हणून जी नवी परीक्षा २०१९ च्या कायद्याने यावयाची होती तिचे नियम जून २०२३ मध्ये निघाले. पहिल्या टप्प्यात ५४० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्या टप्प्यात प्रात्यक्षिक. पण क्रम लागणार तो पहिल्या टप्प्यावरच. प्रात्यक्षिकाला नुसते पास-नापास. म्हणजे इंटर्नशिप कदाचित वाचली असती आणि तिच्या ऐवजी शेवटचे वर्ष, जे वॉर्डात घालवायचे, ते प्रश्नसंचाच्या घशात गेले असते. त्या वर्षी २८ जुलैला सरावपरीक्षा ठरली, जुलैच्या मध्याला सगळेच पुढे ढकलले गेले. विद्यार्थ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मला वाटते तो रास्त होता.

मग करावयाचे काय? यात नवे शोधण्यासारखे काही नाही. स्कॉटलंडमध्ये डंडीला रोनाल्ड हार्डन याने १९७५ साली अशी परीक्षा बसविली की विद्यार्थी एकामागून एक टेबलांवर जातो, प्रत्येक ठिकाणी त्याला एक काम करून दाखवावयाचे असते आणि एक परीक्षक ते काम होत असताना पाहतो. आज तिची नक्कल आपल्याकडेही होते. पण कित्येक ठिकाणी टेबलावर एक्स-रे किंवा बाटलीतला नमुना ठेवून चार प्रश्नांचा कागद चिकटवला की झाली ती परीक्षा! जॉर्ज मिलरने १९९० साली चार पायऱ्या सांगितल्या: माहीत आहे, कसे करावे हे माहीत आहे, करून दाखवितो, आणि रोजच्या कामात खरोखर करतो. आपली सारी यंत्रणा पहिल्या पायरीवर ठिय्या देऊन बसली आहे. चौथ्या पायरीसाठी अमेरिकेतच आणखी एक साधी रीत निघाली. शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटे विद्यार्थ्याजवळ उभे राहायचे, तो खऱ्या रोग्याला कसा भेटतो ते पाहायचे, आणि पाच मिनिटे त्याला काय जमले व काय चुकले ते सांगून एका पानावर लिहून ठेवायचे. एवढेच.

ही रीत इंटर्नशिपला लावा. वर्षात चोवीस वेळा, म्हणजे महिन्यातून दोनदा, निरनिराळ्या शिक्षकांनी निरनिराळ्या वॉर्डांत एकेका इंटर्नला असे पाहावे. त्यातली काही पाने वॉर्डाच्या सिस्टरने भरावीत. कोणता डॉक्टर रात्री हाकेला येतो आणि कोणता नाही याचे ज्ञान तिच्याइतके कोणापाशीच नसते. घरी जाणाऱ्या रोग्यालाही एकच विचारावे: "डॉक्टरांनी तुम्हाला काय झालंय म्हणून सांगितलं?" त्याच्या उत्तरावरून जे कळते ते २०० प्रश्नांवरून कळत नाही. या पानांवर गुण नकोत, क्रम नको. नाहीतर प्रत्येक महाविद्यालय आपल्या पोरांना शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव देऊन मोकळे होईल. पाने पुरी नसतील किंवा त्यांत तेच तेच दोष दिसत राहिले तर इंटर्नशिप पुरी नाही, आणि इंटर्नशिप पुरी नाही तर पदव्युत्तर परीक्षेचा निकालही नाही, एवढा एक दरवाजा पुरे आहे. पक्षपाताच्या भयावर उतारा यातच आहे. एका परीक्षकाच्या हाती पाऊण तास सोपविणे धोक्याचे; दहाबारा जणांच्या हाती चोवीस वेळा, नावानिशी, विद्यार्थ्याला वाचता येईल असे लिहून घेणे वेगळे. ज्याला कोणाचे आडनाव खुपते त्याला ते कागदावर सकारण लिहावे लागेल, आणि बाकीच्या दहा जणांनी तसे का लिहिले नाही याचे उत्तर द्यावे लागेल. सगळा अन्याय याने जाईल असे मी म्हणत नाही. तो दिसू लागेल.

"इतके शिक्षक आणणार कोठून?" हा प्रश्न विचारणारे प्रामाणिकपणे विचारीत असतील तर तो या सर्व प्रकरणातला सर्वांत बोचरा प्रश्न आहे. २०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती आणि एम.बी.बी.एस.च्या ५१,३४८ जागा. दहा वर्षांत महाविद्यालये ७८० झाली आणि जागांनी सव्वा लाखाची वेस गाठत आणली. इमारती उभ्या राहिल्या. शिक्षक त्या वेगाने कसे उभे राहणार? तपासणीच्या दिवशी अवतरणारे आणि दुसऱ्या दिवशी अंतर्धान पावणारे प्राध्यापक हा या क्षेत्रातला जुना विनोद आहे. जुन्या परिषदेच्या अध्यक्षांनाच २०१० साली लाचेच्या प्रकरणी अटक झाली, परिषद बरखास्त झाली, पुढे तिच्या जागी आयोग आला. आणि २०२५ साली महाविद्यालयांच्या तपासण्यांतील लाचखोरीबद्दल केंद्रीय अन्वेषण विभागाने पुन्हा गुन्हा नोंदविला. आता शिक्षकांचे चेहरे यंत्राला दाखवून हजेरी घेतात. चेहरा हजर असला म्हणजे शिक्षक हजर असतो असे आयोगाला वाटत असेल तर वाटो. विद्यार्थ्याजवळ उभे राहून सही केलेली चोवीस पाने मागितली, तर तपासणीला येणाऱ्यांना खाटांबरोबर तीही मोजता येतील, आणि कोठे माणसे आहेत व कोठे नुसती नावे आहेत ते आपोआप बाहेर पडेल. या सुधारणेला खरा विरोध होईल तो याच कारणाने. तोंडाने मात्र मनुष्यबळाची अडचण सांगितली जाईल.

हे आपल्याकडे जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी सेवाग्रामकडे पाहावे. सुशीला नायर यांनी १९६९ साली तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना खेड्यात शिबिराला नेऊन राहवायचे, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवायची, अशी प्रथा घातली. विद्यार्थी निवडतानाही त्यांची गांधीविचारांची एक निराळी उत्तरपत्रिका असे. देशभर एकच प्रवेशपरीक्षा आली आणि ती उत्तरपत्रिका गेली. गंमत अशी की कुटुंबे सोपविण्याची कल्पना आता आयोगाने साऱ्या देशासाठी उचलली आहे; अनेक ठिकाणी तिचेही लॉगबुक झाले असणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दिल्लीचे नियम बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत नाशिकच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी मोठ्या केसपाशी बसतो त्या पाऊण तासात दोघांपैकी एका परीक्षकाने तेथेच बसावे, मध्ये बोलू नये, आणि जे पाहिले त्याला निम्मे गुण द्यावेत. याला नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. एक जादा स्टूल लागते. चहा तेथे आणून द्यायला मामांची हरकत नसावी.